दत्तोजीरावांचे दोन कॅमेरे

दत्तोजीराव मान्यांना कोणी "जुना बरा की नवा?" असं विचारू नये. विचारणाऱ्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजावं. मी अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी नाशिकहून म्हैसूरला आले, इट्टिगेगूडमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले आणि इतकी वर्षं शहाण्यासारखी वागून गेल्या पाडव्याला हा प्रश्न विचारून बसले. त्यांच्या मुलीने, भव्याने, बंगळूरहून नवा कॅमेरा आणून नुकताच त्यांच्या हातात ठेवला होता. माझी कॉफी थंड झाली तरी उत्तर चालूच होतं.

टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी मांडले होते. ठेवण एकच. चपटा डबा, वर गोल चकत्या आणि डाव्या कोपऱ्यात डोळा लावायची बारकीशी खिडकी. अशा ठेवणीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात, म्हणजे अंतर मोजून देणारा. फिल्मच्या काळात दत्तोजीरावांकडे तसा खराखुरा होता. हे दोघे डिजिटल. त्यांनी त्या घराण्याचा तोंडवळा तेवढा उचललेला. जुना चौदा वर्षांचा, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, बाजूचे खटके बोटांनी झिजून ढिले झालेले. नव्यावर अजून ओरखडासुद्धा नव्हता.

"नोड, हे बघ जानकी," दत्तोजीराव म्हणाले, "जुन्याच्या खिडकीत खरी काच. समोरचं माणूस खरं दिसतं. ह्या चार पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्यांच्या आतलं फोटोत येणार. पण रेघांच्या बाहेरचंही दिसतं. कोण आत शिरायला लागलंय, ते आधीच गोत्त होतं, कळतं."

"आणि नव्यात?"

"नव्यातही खिडकी तीच. पण हा एवढा खटका ओढला की आत टीव्ही लागतो. जुना एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा, हा चार कोटींचा. समोरच्याचा डोळा हा स्वतःच हुडकतो, त्यावर चौकोन लावून बसतो, माणूस हललं तर मागे मागे जातो. मग मी काय करायचं? सुम्ने, नुसतं उभं राहायचं?"

"भव्याने एवढ्या हौसेने आणलाय, काका."

"आणलाय, नाही कुठे म्हणतो? नाकापेक्षा मोती जड झालाय, एवढंच."

मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका हुडकून पोट भरते. मला तरी नव्यात खोट दिसेना. खोट काढत होते ते दत्तोजीराव, आणि ते कशापायी, हे कळायला मला पुढचे तीन महिने लागले.

त्यांचा धंदा म्हणजे भिंतीचे फोटो. मोबाइल आले तसा स्टुडिओ बंद पडला, पण जुन्या घरांतून बोलावणी येत राहिली. घरातलं वडीलधारं माणूस हिंडतं-फिरतं असतानाच, त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच खिडकीच्या उजेडात त्याचा असा एक फोटो काढून ठेवायचा, की पुढे हार घालायची वेळ आली तर घरच्यांना बघवला पाहिजे. म्हैसुरातल्या कितीतरी घरांत हारामागे जी माणसं हसताहेत, ती दत्तोजीरावांनी हसवलेली आहेत.

हसवायची रीतही त्या खिडकीमुळेच जमलेली. खिडकी डाव्या कोपऱ्यात, तिला ते उजवा डोळा लावणार, म्हणजे चेहऱ्याची सगळी डावी बाजू कॅमेऱ्याबाहेर मोकळी. समोरच्या म्हातारीला कॅमेरा दिसतच नसे, दत्तोजीरावांचा अर्धा चेहरा दिसे, आणि तो अर्धा चेहरा भलता वात्रट होता. त्यात खटक्याचा आवाज इतका हळू, की फोटो होऊन गेल्यावर लोक विचारायचे, "कधी काढणार?" त्यांच्या पत्नी वेदवतीबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. हॉलमधला त्यांचा फोटो जुन्यानेच काढलेला. मी आजही जिन्यावरून उतरताना त्या फोटोला "येते हं" म्हणून जाते.

आणि अशा माणसाच्या आईचा एक धड फोटो घरात नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. भवानीबाई एकोणनव्वद वर्षांच्या, कानाने तीक्ष्ण, जिभेने त्याहून. दत्तोजीराव तीस वर्षं मागे लागले होते. आईचं उत्तर ठरलेलं. "तू भिंतीसाठी काढतोस. मला येवढ्यात भिंतीवर जायचं नाही. बेड म्हणजे बेड." बेड म्हणजे नको. मान्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळातून आलेले. घोडी गेली, तलवार राहिली, आणि घरातल्या मराठीत कानडी जी मिसळली ती वेगळी काढता येईना. आधी मला ते ऐकून हसू यायचं. आता नाशिकला फोनवर आईशी बोलताना माझ्याच तोंडून "अय्यो" निघतं.

जून महिन्यात एच. डी. कोटे गावच्या एका निवृत्त मास्तरांचा फोटो काढायला बोलावणं आलं. रविवार होता, गाडी मी चालवली. मास्तर ओसरीवर बसले, दत्तोजीरावांनी कॅमेरा उचलला आणि डाव्या डोळ्याला लावला.

मी अकरा वर्षांत हे कधी बघितलं नव्हतं. डावा डोळा लावला की सगळा चेहरा कॅमेऱ्याच्या मागे जातो, नाक पडद्याला चिकटतं. मास्तर चौकीत बसवल्यासारखे ताठ झाले. हसवायला चेहराच उरला नव्हता. दत्तोजीरावांनी कॅमेरा खाली घेतला, उजव्या डोळ्याला लावला, परत डाव्याला. असे दहा-बारा फोटो काढले. त्यांना कधी तीनपेक्षा जास्त लागत नसत.

परतीच्या वाटेवर मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "काही नाही" आलं. तिसऱ्यांदा मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. ही माझी वाईट खोड आहे. उत्तर मिळेपर्यंत मी हलत नाही.

"उजव्याने मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडे बघितलं तर कान दिसतात, केस दिसतात. तोंडाच्या जागी पुसल्यासारखं."

"आणि डावा?"

"डाव्याला लहानपणापासूनच पेन्शन लागू आहे."

असल्या वेळीही त्यांना विनोद सुचला, त्याचा मला राग आला, आणि मग रडूही आलं. दोन दिवसांनी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. डोळ्यातल्या पडद्याच्या बरोबर मधोमध बिघाड. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, त्याने बिघाड थांबला तर थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही. कडेची नजर बहुतेक राहील. "फोटोग्राफर आहात?" असं त्यांनी विचारलं आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर पडल्यावर दत्तोजीरावांनी माझ्याकडून वचन घेतलं. भव्याला इतक्यात सांगायचं नाही, आणि आईला तर कधीच नाही. त्यांचे वडील शेवटची अकरा वर्षं आंधळे होऊन कोपऱ्यातल्या खाटेवर बसून होते. भवानीबाईंनी त्यांचं सगळं केलं. "तिने एकदा बघितलंय," ते म्हणाले. "आता ह्या वयात परत नको." मी वचन दिलं. चूक केली की काय, हे आजही मला ठरवता येत नाही.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. दर महिन्याला आम्ही "छपाईचा कागद आणायला" जायचो. दत्तोजीराव परत यायचे ते डोळ्यावर काळा चष्मा घालून, आणि भवानीबाई विचारायच्या, "कागदाला एवढा वेळ?" ते कपात कॉफी ओतत, ती बशीत पडे. मी मध्ये धावे, "मी ओतते काका, तुम्ही बसा." भवानीबाई माझ्याकडे बघत. बघत म्हणजे अशा बघत, की मला वरच्या मजल्यावर काहीतरी काम आठवे.

दत्तोजीरावांना मात्र भीती वेगळीच होती. ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली. "सगळ्या गावाची आई काढली मी, माझी राहिली. ती हो म्हणेपर्यंत डोळा राहणार नाही." मागे लागायचं त्यांनी सोडलं होतं. घाई दिसली तर आईला संशय येईल म्हणून.

आणि सप्टेंबरात भवानीबाई आपण होऊन हो म्हणाल्या. झालं असं की कृष्णराजनगरच्या गोदाबाई, त्यांची मावसबहीण, वारल्या. तेराव्याला आम्ही गेलो. घरच्यांनी घाईघाईत कुणाच्या तरी लग्नातला मोबाइलवरचा फोटो मोठा करून हार घातला होता. त्यात गोदाबाईंच्या हातात ताट, ताटात अर्धी चिरोटी आणि अर्धी चिरोटी तोंडात. भवानीबाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "जन्मभर ताट घेऊन उभी राहणार आता ती." कावेरीचा पूल गेला, भाताची शेतं गेली, आणि मग त्या म्हणाल्या, "दत्तू, माझा काढ. आयुधपूजेला. तलवारीपुढे बसते. पण एकदाच हं. खाली बस, वर बघ, ते मला जमणार नाही."

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. हाताशी तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत दत्तोजीराव रोज संध्याकाळी मला खुर्चीत बसवून दोन्ही कॅमेरे आळीपाळीने लावत. जुन्याचं त्यांनी एक तंत्र बसवलं. चौकट धरायला मधली नजर लागत नाही, कारण पांढऱ्या रेघा कडेला असतात आणि कडेचं त्यांना दिसतं. अंतर डोळ्याने न मापता पावलांनी मोजायचं, माणसापासून तीन पावलं मागे यायचं, भिंगाची कडी त्या आकड्यावर फिरवायची आणि बाजूचा खटका 'हाताने' या खुणेवर ठेवायचा. मग कॅमेरा आपली अक्कल चालवत नाही. उजवा डोळा खिडकीला, डावा चेहरा मोकळा, अगदी पहिल्यासारखं. आईला कळणार नाही. दहातले सात फोटो चांगले आले. तीन हुकले.

नव्याचे दहाच्या दहा आले. त्यांनी कसाही धरला तरी माझ्या डोळ्यावर चौकोन बसे. तो त्यांना दिसत नसे, फोटोत पापण्या मोजता येत. एकदा त्यांनी चिडून पूजेला आणलेला कोहळा खुर्चीत ठेवला आणि मला त्यावर खडूने डोळे काढायला लावले. नव्याने कोहळ्याच्याही डोळ्यावर चौकोन लावला. मी हसून हसून खाली बसले. तेही हसले. मग कॅमेरा मांडीवर ठेवून म्हणाले, "कोहळ्यात आणि आईत ह्याला फरक नाही."

"पण फोटो येतो, काका."

"येतो," ते म्हणाले. "माझा येत नाही, ह्याचा येतो."

आंधळा मागतो एक डोळा, ही म्हण जिभेवर आली होती. ती मी चावून गिळली.

नवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी ठरवलं. नवाच. दहातले तीन हुकतात आणि आई बसणार एकदाच. नवा चार्ज करून त्यांनी हॉलच्या कपाटात ठेवला, जुना पिशवीत टाकला. ठरल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला, की मी जिन्यावरच उभी राहून देवाला म्हटलं, एवढा एक फोटो होऊ दे.

सकाळी सातला खाली आले तर दत्तोजीराव हॉलच्या दारात नुसते उभे. भवानीबाई पहाटेच उठल्या होत्या, न्हाल्या होत्या आणि दरवर्षी मुलगा करतो ती पूजा यंदा मुलाला आराम म्हणून स्वतःच मांडून मोकळ्या झाल्या होत्या. लाल कापडावर घोडदळातली तलवार, तिच्या शेजारी विळी, कात्री, स्कूटरची किल्ली. आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, नवा कॅमेरा. "तो जुना म्हातारा कशाला देवासमोर?" त्या म्हणाल्या. "लेकीने आणलेला बसवला." कपाळ कुठे ते शोधून त्यांनी कुंकवाचं बोट लावलं होतं, बरोबर भिंगाच्या काचेवर.

पूजेत बसलेलं आयुध त्या दिवशी चालवायचं नाही. विळीला हात नाही, कात्रीला नाही, स्कूटर काढायची नाही. दशमीला पूजा करून उठवलं की मग. म्हैसुरात कारखाने बंद राहतात त्या दिवशी, तिथे कॅमेऱ्याची काय कथा? आणि हा नियम त्या घरात भवानीबाईंहून कडक कोणी पाळत नव्हतं.

"हं, चला," त्या मोरपंखी रेशमी साडी नीट करत तलवारीपुढच्या खुर्चीत बसल्या. "काढ."

दत्तोजीरावांनी माझ्याकडे मान वळवली. मी त्यांना नीट दिसत नव्हते, तरी वळवली. मग पिशवीतून जुना काढला, खुर्चीपाशी जाऊन आईच्या पदराची घडी सारखी केल्यासारखं केलं आणि तीन पावलं मागे आले. कडी फिरवली. उजवा डोळा खिडकीला लावला. डावा अर्धा चेहरा बोलू लागला. "आई, गोदामावशी आठवते का? चिरोटी गिळली असेल का तिने अजून?" भवानीबाई खळखळून हसल्या, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. एवढा सुंदर चेहरा मी त्या घरात पाहिला नव्हता. खटका वाजला, न वाजल्यासारखा.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं." त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

मी फोटो मोठा केला. पाठीमागच्या झेंडूची पाकळी न् पाकळी लख्ख. तलवारीच्या मुठीवरची नक्षी लख्ख. नवा कॅमेरा, त्याच्या काचेवरच्या कुंकवासकट, लख्ख. आणि पुढे भवानीबाई हसत होत्या, दुधात पाणी घातल्यासारख्या फिक्या, पुसट. बाजूचा खटका बघितला. पिशवीतून काढताना तो ढिला झालेला खटका 'आपोआप'वर सरकला होता. कॅमेऱ्याने स्वतःची अक्कल चालवून मागचं पकडलं होतं. नजर धड असती तर खिडकीतला चौकोन कुठे बसला ते त्यांना तिथल्या तिथे दिसलं असतं.

चुका हुडकून सांगणं हा माझा रोजचा धंदा. भवानीबाईंना इंग्रजी कळत नाही, म्हणून ही मी इंग्रजीत पुटपुटले, की फोकस चुकलाय, खटका सरकला होता.

दत्तोजीरावांनी कॅमेरा परत घेतला आणि अंगठ्याने तो खटका हळूहळू चाचपला.

"याके? काय झालं?" भवानीबाईंनी विचारलं.

"अज्जी, फोटो जरा हलला," मी म्हटलं.

"मी हलले नाही." आणि ते खरंच होतं.

"आई, नवा उचलतो," दत्तोजीराव म्हणाले. "एकच मिनिट. परत तसाच ठेवतो."

"पूजेतलं आयुध? शुद्धीत आहेस का?" त्या उठल्याच. पण मुलाच्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "एका फोटोसाठी एवढं तोंड कशाला पाडतोस? उद्या आयुध उठलं की बसते. मग साकु, पुरे."

उद्या. एकोणनव्वद वर्षांच्या माणसाच्या 'उद्या'वर मी आजवर इतका विचार केला नव्हता. दिवसभर त्या खोकल्या की मी जिन्यात येऊन उभी राहत होते. संध्याकाळी त्यांनी जेवण कमी घेतलं, तर दत्तोजीरावांनी चारदा विचारलं. "माझ्या पोटाचं आज काय काढलंयस?" म्हणून त्यांनी मुलाला हाकललं. त्या हसत होत्या. आम्ही दोघं मेल्यासारखे झालो होतो.

दशमीला उजाडलं. मिरवणुकीमुळे बाहेरचे रस्ते सकाळीच बंद झाले, शेजारच्या टीव्हीवर हत्तींचं कौतुक चाललं होतं. भवानीबाईंनी आरती केली, तलवार उठवली, विळी उठवली, मग कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून मुलाच्या ओंजळीत दिला. काचेवरचं कुंकू तेलकट होऊन वाळलं होतं. मी ओलं कापड घेऊन पुसलं. लाल गेलं, तरी धूसर राहिलं. परत पुसलं. दत्तोजीराव काच उजेडात धरून बघत होते आणि त्यांना काहीच कळत नव्हतं, हे मला कळत होतं. पाचव्यांदा काच स्वच्छ झाली. मी "हो" म्हटलं.

भवानीबाई बसल्या. तीच साडी, तीच खुर्ची. आज हसल्या नाहीत. मुलाकडे शांतपणे बघत राहिल्या, आणि दत्तोजीरावांनीही आज काही विनोद केला नाही. उजवा डोळा खिडकीला, डावा चेहरा मोकळा. तो अर्धा चेहरा आईकडे नुसता बघत होता. मी मागे जाऊन पडद्यावर पाहिलं. भवानीबाईंच्या उजव्या डोळ्यावर छोटा पांढरा चौकोन बसला होता, पक्का. खटका.

दत्तोजीरावांनी फोटो पडद्यावर आणला. मोठा केला. आणखी मोठा केला. कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने, कडेच्या नजरेने ते तो बघू लागले. दोन दिवसांचा ताण, तीस वर्षांची वाट, सगळं त्या तळहाताएवढ्या पडद्यात. ते आम्हाला विसरले. आई तीन पावलांवर बसली आहे, हेही विसरले.

"जानकी," ते म्हणाले, "आईचे डोळे उघडे आहेत का गं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. ज्याने चाळीस वर्षं गावाचे डोळे टिपले, तो भाडेकरणीला विचारत होता. शेजारचा टीव्ही चालू होता. दत्तोजीरावांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी कॅमेरा छातीशी धरला.

"दत्तू," भवानीबाई म्हणाल्या. "इकडे ये."

ते गेले. खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, सहासष्ट वर्षांचा माणूस.

"कधीपासून?"

"पाडव्यापासून. मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं अजून."

"मी दिसते?"

"पदर दिसतो. कानातलं दिसतं." ते थांबले. "चेहरा दिसत नाही, आई."

मला वाटलं त्या रडतील. दत्तोजीरावांच्या वडिलांचं नाव काढतील, माझ्यावर ओरडतील, आणि ते मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. मुलाच्या हातातून तो कॅमेरा घेतला, मांडीवर पालथा ठेवला आणि मुलाचा कान धरला, लहान पोराचा धरावा तसा.

"तीस वर्षं मी नको म्हणत होते," त्या म्हणाल्या. "तू ऐकलंस कशाला रे?"